फक्त फोटो पाठवा

रोग डोळ्यांना दिसत नाही, ही वैद्यकशास्त्राची फार जुनी अडचण. करोनाच्या पहिल्या वर्षी एका वृत्तवाहिनीने ती चुटकीसरशी दूर केली. प्रत्येक बातमीमागे ती परदेशातला एक बाजार दाखवू लागली. (रोज तोच बाजार, तीच टोपलीवाली. बाई ठणठणीत होती. पण तिचे डोळे बारीक होते, तेवढा पुरावा पुरला.)

लालबागच्या एका चाळीने हे ज्ञान मनापासून घेतले. तिथे सुंदराबाईंच्या पोटमाळ्यावर रिनी राहायची. मिझोरमची, परळच्या इस्पितळात नर्स. सुंदराबाईंचे गुडघे, इन्सुलिन आणि एकटेपणा, तिन्ही तीच सांभाळी.

समितीची सभा गॅलरीत भरली. बारीक डोळ्यांच्या व्यक्तींनी सार्वजनिक नळाला हात लावू नये, असा ठराव सचिव उन्मेषने मांडला.

"मेल्या, ती आपल्याच देशातली ना रे!" सुंदराबाई कडाडल्या.

"आजी, देशाचं कोण बोलतंय? चेहऱ्याचं बोलतोय. टीव्हीवाले काय येडे आहेत?"

"मी लग्न होऊन मालवणहून आले, तेव्हा गिरगावातला घरमालक हेच म्हणालेला. गिरणीवाले रोग आणतात, पेपरात आलंय. आमच्याबरोबर तुझा बापूस पण बोचकं घेऊन त्याचा जिना उतरला होता."

जुन्या आठवणींना चाळीत फार मान. सभेने टाळ्या वाजवल्या आणि ठराव मंजूर केला.

त्याच आठवड्यात उन्मेषचा मुलगा स्वरूप इटलीहून परतला. खोकत होता, पण डोळे चांगले टपोरे, आईवर गेलेले. त्याला दारात ओवाळले. मग रिवाजाप्रमाणे तो घरोघरी थोरांच्या पाया पडला आणि स्वतःच्या हाताने प्रत्येकाच्या तोंडात पेढा घातला. हातावर विमानतळाचा शिक्का होता: घरातच राहावे. तो वाचायला प्रत्येकाने त्याचा हात हातात घेतला.

"आजी, पेढा नको हां! खोकतोय तो," रिनी वरून ओरडली.

"बघा, कशी जळते," गॅलरीने निदान केले.

(सुंदराबाईंनी पेढा खाल्ला नाही. त्या वाचल्या.)

आठवड्याभरात नऊ घरांत ताप शिरला. वाहिनी कॅमेरा घेऊन आली. 'नर्समुळे चाळीत उद्रेक?' (प्रश्नचिन्हामुळे बातमी खोटी ठरत नाही.) नर्स गेली नाही तर सुंदराबाईंचे पाणी तोडू, अशी नोटीस समितीने लावली.

रिनीने बॅग भरली. "तुमचं पाणी जाईल आजी. आता स्वतः टोचायचं. हात थरथरला की थांबायचं, मग परत."

"कुठे जाशील गो?"

"बघते."

ती गेली. ताप मात्र वाढला. जाताना तिने तो मुद्दाम मागे ठेवला, हे सर्वांनी ओळखले.

आता पोटमाळा रिकामा आहे. म्हातारीला सोबत हवी, म्हणून समितीनेच मोठ्या मनाने भाडेकरू शोधायला घेतला आहे. जात, धर्म, प्रांत इथे कुणी पाहत नाही. तुम्हाला यायचे असेल तर जरूर कळवा. थोडाफार खोकला असला तरी चालेल.

फक्त आधी एक फोटो पाठवा.