चेकशीट शंभर टक्के, थायरॉइड चौदा

"बावीस वर्षं झाली, माझ्या लाइनवरचं एकही मशीन मला न सांगता बंद पडलेलं नाही!" असं कुरुळीचा भीमराज कड ज्याला त्याला सांगायचा. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा जिलबी संपेपर्यंत हेच ऐकावं लागायचं! चाकणच्या एका कंपनीत तो मेंटेनन्सचा सुपरवायझर. मशीन बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, आणि तो आपल्याला सगळ्यांच्या आधी ऐकू येतो, हा त्याचा अभिमान. आणि मंडळी, अभिमान काही खोटा नव्हता.

म्हणूनच बायकोचा, साधनाचा, आवाज बदलला तेव्हा तो हबकला. बदलला म्हणजे बंदच पडला!

साधनाचं वय एकोणपन्नास. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम, मागे कंपन्यांतल्या पोरांना भाड्याने दिलेल्या आठ खोल्या, मधे सासूबाई, आणि या सगळ्या राज्यावर साधनाचा आवाज. भाडेकरूने नळ उघडा सोडला की तो आवाज थेट हायवेपर्यंत जायचा. आणि आता? दिवाळीपासून बाई गप्प. बसल्या जागी डुलकी. चेहऱ्यावर सूज, फणीत केसांचे पुंजके. भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायची आणि दहा मिनिटांत तोच स्वेटर भिरकावून फ्रीजमध्ये तोंड घालून उभी राहायची!

"आमच्या टायमाला असलं काय नव्हतं बाई," सासू भागूबाई म्हणाल्या.

"होतं, आत्या. नाव नव्हतं." एवढं बोलून साधना पुन्हा गप्प.

कहर झाला तो ब्लाउजच्या दिवशी. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला तिने दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. गिऱ्हाईक पंधरा मिनिटं तोंडसुख घेत होतं. पूर्वीची साधना असती तर त्या बाईचे हातच वाकडे असल्याचं तिला पटवून दिलं असतं! पण या साधनाने मान खाली घातली आणि म्हणाली, "बरं. उसवून देते."

आतल्या खोलीत भीमराजने ते "बरं" ऐकलं आणि तो उठून दाराशीच आला. चोवीस वर्षांच्या संसारात त्याने हा शब्द तिच्या तोंडून ऐकला नव्हता. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तो तिला चिंचवडला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थायरॉइड सुस्तावलंय. आकडा चारच्या आत हवा, यांचा अकरा आहे. त्यात पाळी जायचे दिवस. दोन्ही पाहुणे एकदमच उतरलेत! ही गोळी पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. पुढे तासभर पोटात काही नाही. चहा तर नाहीच नाही. आणि ही हाडांसाठी कॅल्शियमची, ती दुपारी जेवल्यावर. दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत. दोन महिन्यांनी परत रक्त बघू."

"बाई परत पूर्वीसारखी होईल ना?" भीमराजने विचारलं.

"गोळी नीट घेतली तर होईल."

"ते माझ्यावर सोडा!" भीमराज म्हणाला.

झालं! इथून पुढचं सगळं त्या एका वाक्यामुळे.

संध्याकाळी फ्रीजच्या दारावर चेकशीट लागलं. साधंसुधं नव्हे, कंपनीच्या पद्धतीचं! तारीख, वेळ, 'उपाशीपोटी: होय/नाही', 'ऑपरेटरची सही', 'तपासणाऱ्याची सही'. ऑपरेटर म्हणजे साधना. तपासणारी म्हणजे भागूबाई, कारण भीमराज पावणेसहाच्या कंपनी बसने जायचा. भागूबाईंना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्या चौकोनात रोज एक फुली मारायच्या. नेमणूक झाल्यापासून त्या घरात पाठीवर हात बांधून फिरायला लागल्या.

"सूनबाई, घ्येतली का गं गोळी?"

"घेतली."

फुली! तपासणी संपली.

वेळेचा मात्र पेच होता. भीमराज पाचला उठायचा, स्वतःच्या हाताने चहा टाकायचा आणि दोघं ओट्यापाशी बसून तो प्यायचे. म्हणजे गोळी चारला घ्यायला हवी.

"मी चारचा गजर लावते. गोळी घेते आणि परत पडते," साधना म्हणाली.

"शाब्बास!" भीमराज म्हणाला. एकदा झोपला की त्याला गजर काय, तोफ ऐकू येत नाही. तेव्हा तो प्रश्नही मिटला.

दोन महिने चेकशीट नुसतं चमकत होतं. रोज चार वाजता, रोज 'होय', रोज सही, रोज फुली. भीमराजने त्याचा फोटो काढून कंपनीतल्या पोरांना दाखवला. "बघा! हिला म्हणतात शिस्त! नाहीतर तुम्ही, ऑडिट आलं की आदल्या दिवशी आख्ख्या महिन्याच्या सह्या ठोकणारे!" पोरांनी माना खाली घातल्या.

आणि दोन महिन्यांनी आकडा आला. चौदा!

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा बघितला. "गोळी नियमित घेताय ना?"

साधना काही बोलायच्या आत भीमराजने पिशवीतून चेकशीटांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "शंभर टक्के! एक चौकोन रिकामा सापडला तर सांगा!"

"मग डोस वाढवायला हवा," म्हणत त्यांनी पेन उचललं.

"थांबा डॉक्टर!" भीमराज जवळजवळ ओरडलाच. "मूळ कारण सापडल्याशिवाय सेटिंगला हात लावायचा नसतो! मला आठ दिवस द्या."

डॉक्टरीणबाईंनी साधनाकडे बघितलं. साधना पदराने वारा घेत छताकडे बघत होती.

मंडळी, त्या आठ दिवसांत कुरुळीने जे भोगलं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये! पहिला संशय लॅबवर. मोजणारं यंत्रच चुकीचं असेल तर? मग भीमराजने स्वतःचं रक्त दिलं. "मी म्हणजे मास्टर पीस, मापं तपासायचा बिनचूक नमुना," तो रक्त काढणाऱ्या मुलीला म्हणाला, "माझा आकडा चुकला तर तुमचं मशीन चुकलं!" त्याचा आकडा अगदी बरोबर निघाला. लॅब निर्दोष.

दुसरा संशय गोळीवर. औषधाचं दुकान सावळाराम शेठचं. सरळ, सत्तरीतला माणूस. गोळ्या उकाड्याने बिघडल्या असतील म्हणून त्याच्या दुकानात भीमराज थर्मामीटर घेऊन शिरला आणि बॅच नंबर लिहून घ्यायला लागला.

"भीमराजभाऊ, तीस वर्षं दुकान चालवतोय! माझ्या गोळीला नावं ठेवता?"

"नावं नाही, शेठ. फक्त आकडे लिहितोय."

गिऱ्हाइकं कुजबुजायला लागली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सावळारामकडे खडूच्या गोळ्या मिळतात! सावळाराम शेठला रात्रीचं जेवण गेलं नाही.

तिसरा संशय पाण्यावर. गोळी पाण्याबरोबर घेते, म्हणजे पाण्यात काही असेल! रविवारी सकाळी भीमराजने गच्चीवरची टाकी रिकामी केली आणि आत उतरून घासायला बसला. आठ खोल्यांचं पाणी बंद! साबण लावलेली पोरं टॉवेल गुंडाळून अंगणात जमली. त्यांत सर्वांत पुढे बीडचा सुजित.

"मामा, माझी सेकंड शिफ्ट हाय की! ह्या फेसाचं काय करू?"

"थांब रे, तुझ्या मामीच्या तब्येतीचा प्रश्न आहे!"

इतक्यात सावळाराम शेठ तावातावाने फाटकातून आत आले. गावात झालेल्या बदनामीचा जाब त्यांना हवा होता. भीमराज टाकीतून खाली उतरला, गुडघ्यापर्यंत शेवाळलेला, आणि सगळ्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेला. फ्रीजसमोर उभं राहून त्याने चेकशीटवर बोट ठेवलं.

"तुम्हीच बघा! ऑपरेटरची चूक नाही, लॅबची नाही. मग उरतं काय? गोळी नाहीतर पाणी!"

सगळे चेकशीटकडे बघायला लागले. भागूबाईही पुढे सरकल्या. अक्षर नाही, पण बोटावर दिवस मोजण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. एकादशी, संकष्टी, सगळं बोटावर. आज ऐतवार... सोमवार... मंगळवार. त्या थबकल्या.

"आरं भीमा, मंगळवारची अंगारकी अजून उजाडायचीय न्हवं?"

"हो. मग?"

"मग त्या दिसाची गोळी घिऊन बी झाली? माझी फुली न्हाई तिथं, पर सूनबाईची सही हाय! बुधवारची बी हाय! त्या पल्याड बी हायेत!"

भीमराज वाकला. मंगळवार, बुधवार, थेट महिनाअखेरपर्यंत सह्या! एकाच पेनाने, एकाच दमात, एकाच तिरकसपणे. अशा सह्या त्याने जन्मभर पकडल्या होत्या. परक्या पोरांच्या पकडल्या होत्या, एवढाच फरक.

"आगाऊ सह्या?" त्याचा आवाज चिरकला. "साधना, तू? माझ्या घरात?"

साबणाच्या फेसात उभा असलेला सुजित हळूच म्हणाला, "मामा, आमच्या लाइनला पण असंच करतेत..."

"तू गप!"

साधना शिवणयंत्रावरून उठून दारात आली होती. आधी ती नेहमीप्रमाणे गप्प उभी राहिली. मग तिचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम फुटला, तिने पदर कमरेला खोचला आणि...

"हो! केल्या आगाऊ सह्या! रोज चारला कोण उठणार? मला पाचलासुद्धा डोळे उघडवत नाहीत, तुम्हाला चारची पडलीय! पहिल्याच आठवड्यात गजर बंद केला मी! तुमचं ते चहाचं पातेलं आपटलं की जाग येते मला, तेव्हा तुमची पाठ वळली की चहाबरोबर घेते गोळी! आणि दुपारी विसरायला होतं म्हणून कॅल्शियमचीही त्याच घोटाला घेते! डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या होत्या, माहीत आहे मला! आणि बिचाऱ्या शेठना कशाला ओढलंत? आणि पोरांचं पाणी कुणाला विचारून तोडलंत? टाकी घासायचीय म्हणे! गेल्या महिन्यात मी सांगून थकले तेव्हा घासली का?"

हा आवाज हायवेपर्यंत गेला. रस्त्यावर एक दुधवाला सायकल थांबवून उभा राहिला.

भीमराज मात्र रागवायचं विसरून तिच्याकडे बघत राहिला. त्याला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणीच आलं.

"अगं, पण मग चहा तासभराने घ्यायचा होतास," तो हळू आवाजात म्हणाला. "मला सांगायचं तरी."

साधनाचा आवाज खाली आला. "तासभराने तुम्ही असता का? पावणेसहाला तुमची बस. मग दिवसभर गिऱ्हाईक, आत्यांचा टीव्ही, पोरांचे नळ. तुम्ही येता तेव्हा दारात चारजण उभे असतात. पाचला तेवढी अर्धी घटका आपण दोघंच असतो. ती पण गोळीला देऊन टाकू?"

सावळाराम शेठ जाब मागायला आले होते, ते चष्मा पुसायला लागले. भागूबाईंनी तोंड फिरवलं आणि पोरांना अंगणात हाकललं, "चला रं, हितं काय तमाशा हाय व्हय!"

मग भीमराजने शेठचे पाय धरले. "अहो, सोडा!" म्हणत शेठनी ते सोडवून घेतले. संध्याकाळी भीमराज स्वतः त्यांच्या दुकानात जाऊन बसला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला "माल एक नंबर आहे, चूक आमच्याच घरात होती" असं सांगत राहिला. सुजितला मात्र अंगणातल्या पिंपातून बादलीभर पाणी मिळालं आणि त्याची सेकंड शिफ्ट वाचली.

सोमवारी दोघं पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. या वेळी गठ्ठा नेला नाही. साधनाने सगळं खरं सांगितलं. डॉक्टरीणबाई आधी रागावल्या, मग हसल्या.

"अहो, एवढंच होतं तर आधी बोलायचं! संध्याकाळी साडेसातला जेवता ना? मग झोपताना, जेवणानंतर तीन तास उलटले की थायरॉइडची गोळी घ्या. कॅल्शियम दुपारीच. पहाटेचा चहा तुमचा तुम्हाला लखलाभ! पण सही नको, खरोखर घ्या."

ती खरोखर घेतली. पुढच्या दोन महिन्यांत आकडा चारच्या आत आला. अंगातल्या भट्ट्या अधूनमधून पेटतात अजून. पण सूज उतरली, झोपेचा डोंगर हलला, आणि ब्लाउजच्या बाह्या आपापल्या बाजूला गेल्या.

रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी पाचला भीमराजने मोठ्या थाटात चहा टाकला. आज त्याची छाती जरा जास्तच फुगली होती. बायको आपल्या चहासाठी आजारपण अंगावर काढते, ही काय साधी गोष्ट आहे?

"घे! याच चहासाठी एवढं रामायण केलंस ना!"

साधनाने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "आता बरी झालेय, तर एक सांगू?"

"सांग की!"

"चोवीस वर्षं तुमचा चहा नरड्याखाली उतरत नाही माझ्या. आधी साखर, मग दूध, आणि पत्ती शेवटी आठवते तुम्हाला! तुम्ही शेजारी बसता म्हणून पीत होते. सरका तिकडं, पातेलं द्या इकडं!"

भीमराज निमूट सरकला. साधनाने आलं ठेचलं, पाणी खळखळू दिलं, पत्ती टाकली, आणि सगळा वेळ त्याला, सासूला, भाडेकरूंना आणि डॉक्टरीणबाईंच्या फीला नावं ठेवत राहिली. तो ऐकत बसला. चहा झाला. त्याने एक कप घेतला, मग अर्धा घेतला, मग पातेल्यात उरलेलाही घेतला. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याची बस गेली!

मोटरसायकल दामटत तो कंपनीत पोहोचला तेव्हा पंचवीस मिनिटं उशीर झाला होता. गेटवर उशिराचा फॉर्म पुढे आला. नाव, वेळ, 'उशिराचं मूळ कारण'. भीमराजने पेन उचललं. मागे त्याच्याच लाइनची, तशीच उशिरा आलेली पोरं माना उंचावून बघत होती. तो क्षणभर थांबला, इकडे तिकडे बघितलं, आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं:

'टायर पंक्चर.'

आणि खाली सही ठोकली.