आधी चिमणी, मग चिकन

शिवणबाईंनी चिमणीला घेऊन घड्याळजींच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि त्यांचा कुत्रा सुभेदार तिच्या अंगावर धावून गेला. चिमणीही काही कमी नव्हती. नाव चिमणी असलं तरी ती वासराएवढी दांडगी कुत्री होती. दोन दोऱ्या, चार माणसांचे हातपाय आणि एक स्टूल यांचा असा काही गुंता झाला की तो सुटेपर्यंत पाहुणचाराचा चहा जमिनीवर सांडून गार झाला होता. चार माणसांचे म्हणजे तसे दोघांचेच, पण त्या वेळी चारांचे वाटत होते.

"असं कसं जमायचं हो आपलं?" शिवणबाई धापा टाकत म्हणाल्या.

घड्याळजींनी आडवं झालेलं स्टूल उभं केलं. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, शिवणबाईंचं समोरच्या गल्लीत कपडे शिवण्याचं. दोघांचेही जोडीदार गेलेले, मुलं लांब. उतारवयात लग्न करायचं ठरलं होतं, मुलांनीही 'करा बाबा एकदाचं' म्हणून सुटका करून घेतली होती. पण शिवणबाईंची एक अट होती. दोन्ही कुत्री एका छपराखाली गुण्यागोविंदानं नांदली तरच त्या राहायला येणार, नाहीतर आहे तेच बरं. म्हणजे घड्याळजींचा संसार आता सुभेदाराच्या दातांवर अवलंबून होता.

जनावरांची डॉक्टरीण वयानं त्यांच्या लेकीएवढी होती. तिनं दोघांना समोर बसवून सांगितलं. "काका, ओरडायचं नाही, मारायचं नाही. सुभेदाराला चिमणी लांबून दिसली की लगेच चिकनचा तुकडा द्यायचा. ती नजरेआड झाली की चिकन बंद. मावशी, तुम्हीही चिमणीसाठी तसंच करायचं. हळूहळू अंतर कमी करू. समोरचं कुत्रं आलं की आपलं भलं होतं, एवढं त्यांच्या डोक्यात बसलं की झालं."

"एवढंच ना," घड्याळजी म्हणाले.

हे 'एवढंच ना' त्यांना पुढे महागात पडलं. कारण घड्याळजींना कुठलीही गोष्ट ऐन वेळेवर करणं ठाऊकच नव्हतं, ते सगळं आधीच करून ठेवत. पाहुणे स्वतःच्या घरून निघायच्या आधी इथं चहा गाळलेला, ढग यायच्या आधी छत्री हातात. त्यामुळे जिन्यात शिवणबाईंची पावलं वाजली की ते घाईघाईनं पत्र्याचा डबा उघडत आणि सुभेदाराच्या तोंडात चिकन कोंबत. मग पॅसेजच्या टोकाला चिमणी उगवे. कुत्र्याचं तोंड आधीच गोड करून ठेवलं म्हणून घड्याळजी स्वतःवर खूश असत.

सुभेदारानंही मन लावून धडा गिरवला. डबा 'टक' वाजला की ती येते. थोड्याच दिवसांत डबा उघडला की तो चिकनकडे पाठ फिरवून दाराकडे बघत गुरगुरायला लागला. चिकन तर त्याला नकोसंच झालं. समोर धरलं की तो तोंड फिरवी, जणू कुणी त्याला फसवायला निघालंय.

"सुधारतंय का?" शिवणबाई पॅसेजच्या टोकावरून विचारत. त्यांच्या बाजूला चिमणी शहाण्यासारखी चिकन खात असे.

"सुधारतंय की," घड्याळजी गुरगुर ऐकत खोटं बोलत. काय करणार, त्यांना त्या हव्या होत्या.

पण सुभेदार दुकानातही सोबत असे, आणि दुकान म्हणजे डब्यांचंच राज्य. स्क्रूचा डबा, काट्यांचा डबा, सेलचा डबा. प्रत्येक 'टक'ला सुभेदार उठायचा आणि समोर जे गिऱ्हाईक असेल त्याच्यात चिमणी शोधायचा. दोन गिऱ्हाइकं घड्याळं तिथंच टाकून गेली. तिसऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी पावती वाचायला चष्म्याची पेटी उघडली मात्र, 'टक' झालं आणि पुढचा सगळा वेळ त्या काउंटरवर चढून उभ्या होत्या.

"याला आवरा," त्या वरून म्हणाल्या, अगदी वर्गात सांगितल्यासारख्या. सुभेदार तेवढ्यानं गप्प बसला. घड्याळजींनी तसाच डॉक्टरणीला फोन लावला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. हसू दाबल्याचं फोनवरही कळलं. "काका, तुम्ही आधी चिकन देताय. त्याला वाटतं, चिकन म्हणजे संकटाची सूचना. आधी चिमणी दिसू द्या. त्यानं तिला बघू द्या. मग चिकन."

"पण तोवर काही झालं तर?"

"दोरी हातात आहे, अंतर आहे. नाही काही होत. तेवढं थांबता येईल ना?"

घड्याळजींनी फोन ठेवला. थांबणंच तर त्यांना जमत नव्हतं. बायको गेली तेव्हा काहीच सूचना नव्हती, सकाळी बोलत होती आणि दुपारी नव्हती. तेव्हापासून ते प्रत्येक गोष्टीच्या आधी जाऊन उभे राहत, म्हणजे पुन्हा कुणी गाफील गाठायला नको. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आज स्वतःला सांगितलं तर डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डबा फेकून चिकन साध्या वाटीत ठेवलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. जिन्यात पावलं वाजली की ते हात पाठीशी बांधून उभे राहत. चिमणी दिसे. सुभेदार ताठ होई, घड्याळजी त्याहून ताठ. मग चिकन. असे महिने गेले, पण अंतर घटत गेलं. पॅसेजमधून दार, दारातून खोली. पुढे दोन्ही कुत्री बाजूबाजूनं फिरायला गेली. आणि एका रविवारी संध्याकाळी चिमणी सुभेदाराच्या पाठीवर मान टाकून चक्क पसरली.

घड्याळजींनी मोठ्या आशेनं शिवणबाईंकडे पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र आनंदापेक्षा धास्तीच जास्त दिसत होती.

"झालं की हो," त्या हळूच म्हणाल्या. "आता... म्हणजे उन्हाळा संपू दे. घरालाही रंग काढायचाय ना तुमच्या?"

"रंगाचं काय मधेच?"

"नाही, आपलं म्हटलं." त्यांनी चिमणीची दोरी ओढली. चिमणी जागची हलेना. लाडीगोडी झाली, दटावणं झालं, पण तिनं अंगाचं पोतं करून टाकलं होतं. शेवटी बाई वैतागल्या. "राहू दे आज इथंच. उद्या नेईन." आणि त्या एकट्याच जिना उतरून गेल्या.

घड्याळजींना सगळं कळलं. इतके दिवस बाईंना कुत्र्यांच्या आड लपायला जागा होती, आता ती उरली नव्हती. बाईंचा विचार बदलला असणार. त्यांना फार वाईट वाटलं, पण दोन तोंडं खायला मागत होती म्हणून ते उठले आणि दोघांना दोन कोपऱ्यांत जेवायला वाढलं.

दिवेलागणीला दार वाजलं. बाहेर शिवणबाई.

"चिमणी माझ्याशिवाय जेवत नाही," त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या. "म्हणून आले."

घड्याळजींनी मागे वळून पाहिलं. जेवणं उरकून चिमणी सुभेदाराचं भांडं चाटत होती आणि सुभेदार चिमणीचं.

"तिचं झालं जेवण," ते म्हणाले.

शिवणबाई पदराशी चाळा करत राहिल्या. "माझं व्हायचंय," शेवटी त्या म्हणाल्या. "ताट वाढून घेतलं होतं, पण घास उतरेना. भीती वाटते हो मला, या वयात परत सगळं मांडायची."

"मलाही वाटते," घड्याळजी म्हणाले. "या आत. आहे ते दोघं खाऊ."

"जेवू नंतर." बाईंनी जिन्याकडे मान वळवली. "आधी खाली चला. टेम्पो उभा आहे, आणि शिलाई मशीन काही एकटीला उचलत नाही."

घड्याळजी चपला न घालताच खाली गेले.