विचारल्याशिवाय बोलायचं नाही

मी तपासलेलं सॉफ्टवेअर अडकत नाही. हे वाक्य मी २०१२ सालच्या एका गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता, चहाचा कप हातात धरून, सगळ्या ऑफिसला ऐकवलं. साडेअकराला ते मागे घ्यायची वेळ आली, पण मधले दोन तास मी फार सुखात होतो!

आमची कंपनी शनिवार पेठेत, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. माणसं आठ, खुर्च्या सात. एका संगणकाचा निरोप दुसऱ्याकडे बिनचूक पोचवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो आणि ते तपासणं माझ्याकडे होतं. त्यातला माझा लाडका भाग म्हणजे प्रश्नोत्तराची सॉकेट. सॉकेट म्हणजे तारेच्या दोन टोकांना बसवलेली दोन तोंडं म्हणा. एका तोंडाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. नियम दोनच. उत्तर आल्याशिवाय विचारणाऱ्याने दुसरा प्रश्न विचारायचा नाही, आणि विचारल्याशिवाय उत्तर देणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. आमच्या बार्शीच्या घरात हे नियम असते तर आजीला ब्लडप्रेशर झालं नसतं.

त्या दिवशी अकरा वाजता संभाजीराव येणार होते. ते एका साखर कारखान्याचे संगणकप्रमुख. उसाचा ट्रॅक्टर आला की वजनकाट्यावरचा संगणक ऑफिसातल्या संगणकाला विचारतो, ‘ही गाडी आपल्या सभासदाची का?’ उत्तर आलं की वजन. त्यांना हे काम पसंत पडलं तर कंपनीला पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळणार होतं आणि मला कायम केल्याचं पत्र. सहा महिने मी तात्पुरता होतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं आमच्या वडिलांनी मी कायम झालो म्हणून बार्शीत आधीच पेढे वाटले होते. त्यामुळे आता न होऊन चालणार नव्हतं.

दहा वाजता वीज गेली.

“आज गुरुवार,” रुपाली मॅडम म्हणाल्या. त्या कंपनीच्या मालकीण. “दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार, हे कालच्या पेपरात होतं. तू वाचला नाहीस?”

“वाचला. राशिभविष्य वाचलं.”

“त्यात काय होतं?”

“धनलाभ.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. मी मात्र डगमगलो नाही. विजेशिवायही प्रश्नोत्तर दाखवता येतं, असं मी जाहीर केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला ती प्रतिभा वाटली. खालून वडापाव वर ओढायला आमच्या गॅलरीत दोरीला पिशवी बांधलेली होतीच, साडीच्या दुकानातली पिवळी. ती पिशवी म्हणजे नेटवर्क. मी वरून चिठ्ठीवर प्रश्न पाठवणार, खालून कांताबाई उत्तर पाठवणार. संभाजीरावांना सगळा प्रकार डोळ्यांनी दिसेल!

कांताबाई खाली प्रवेशद्वाराशी, लिफ्टच्या शेजारी टेबल टाकून बसायच्या. आल्यागेल्याची नोंद त्यांच्याकडे. तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आल्या. शब्द मोजून वापरायच्या. मी खाली जाऊन त्यांना नियम समजावले.

“म्हणजे ट्रंक कॉल,” त्या म्हणाल्या.

“तसंच. पण तुम्ही आपणहून काही बोलायचं नाही. जेवढं विचारलं तेवढंच उत्तर.”

“आणि काही तातडीचं असलं तर?”

“तातडीचं असलं तरी विचारल्याशिवाय नाही. नियम म्हणजे नियम.”

“परत सांगा.”

मी परत सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढे वेळही घातली.

पावणेअकराला वीज आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटांत ती परत गेली. मी म्हटलं, जाऊ दे, आपली पिशवी आहे. अकराला पाच कमी असताना पहिली चिठ्ठी सोडली: ‘पाहुणे आले का?’

पिशवी खाली गेली, दोरीला हिसका बसला, मी वर ओढली. उत्तर: ‘आले.’

“बघा मॅडम, नेटवर्क चालू!” मी केस विंचरले. मॅडमनी बिस्किटं बशीत मांडली. पाच मिनिटं गेली, दहा गेली, बिस्किटं तशीच. मी दुसरा प्रश्न सोडला: ‘कुठे आहेत?’

या वेळी पिशवी वर आली ती जड. आत अर्धा किलो गवार. चिठ्ठी नाही.

मॅडम गवारीकडे बघत राहिल्या. “हे काय उत्तर झालं?”

आता खरं सांगायचं तर मीही गोंधळलो होतो. पण परीक्षकाने गोंधळ दाखवायचा नसतो. “मॅडम, कांताबाई हुशार आहेत. चुकीचं उत्तर आलं तर यंत्रणा काय करते, हेही तपासावं लागतं. त्यांनी मुद्दाम चुकीचं पाठवलंय.”

“मुद्दाम गवार पाठवली?”

“संगणकाच्या भाषेत याला बिघडलेला संदेश म्हणतात.”

“चांगली कोवळी आहे,” मॅडम म्हणाल्या आणि एक शेंग मोडून बघितली. मग त्यांनी संभाजीरावांना फोन लावला. फोन कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर होता. “अरे, खाली जाऊन बघ ना.”

“मी खाली गेलो तर टेस्ट बाद होईल.”

मी तिसरा प्रश्न सोडला: ‘गवार कशाला?’ उत्तर आलं: ‘मला काय माहीत.’ हा प्रश्न फुकट गेला हे मला कळलं, म्हणून चौथा फार विचार करून लिहिला: ‘पाहुणे वर का येत नाहीत?’

उत्तर: ‘वीज नाही.’

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “मॅडम, वीज नाही म्हणून ते जिन्याने येतायत. जिन्यात रेंज नसते, म्हणून फोन लागत नाही. वजनदार गृहस्थ आहेत, वेळ लागणारच.”

“चार मजल्यांना अर्धा तास?”

“मधे बसत असतील.”

मॅडम पुढे काही म्हणणार, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू आला. आवाज मथुराबाईंचा. मथुराबाई दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि भाजी दोरीनेच वर घेतात. आम्ही जिन्यातून धावलो. बघतो तर मथुराबाई लिफ्टच्या बंद जाळीशी उभ्या आणि शेजारी भाजीवाला बजरंग, तोंड एवढंसं करून.

“अर्धा किलो गवार मागितली,” मथुराबाई बजरंगला म्हणत होत्या, “आणि पिशवीत चिठ्ठी आली, ‘लिफ्टमध्ये.’ भाजी लिफ्टमध्ये ठेवायची पद्धत कधीपासून काढलीस तू?”

“मी पिशवीतच टाकली ओ,” बजरंग म्हणाला.

मथुराबाईंनी जाळी खडखडवली. “आत गवार आहे का?”

“गवार नाय बाई,” दोन मजल्यांच्या मधून एक दमलेला आवाज आला. “मी संभाजी हाय.”

आता मला उलगडा झाला. मथुराबाईंची पिशवीही त्याच साडीच्या दुकानातली, तशीच पिवळी, आणि तेव्हा ती आमच्या पिशवीशेजारीच खाली सोडलेली होती. बजरंगने गवार आमच्या पिशवीत टाकली. कांताबाईंनी पाहिलं की एका पिशवीत भाजी आहे, म्हणजे ती मथुराबाईंची, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर रिकाम्या पिशवीत ठेवलं. वीज आली त्या दोन मिनिटांत संभाजीराव लिफ्टमध्ये शिरले होते आणि तेव्हापासून आत उभे होते.

लिफ्टवाला साडेअकराला वारज्याहून आला आणि त्याने हाताने चाक फिरवून लिफ्ट खाली आणली. संभाजीराव बाहेर आले. शर्ट पिळून काढता आला असता. मी सगळा राग कांताबाईंवर काढला.

“अहो, माणूस अडकलाय हे सांगायचं नाही का?”

“विचारलं नाहीत,” कांताबाई म्हणाल्या आणि वही पुढे केली. “विचारल्याशिवाय बोलायचं नाही, तातडीचं असलं तरी. दहा वाजून वीस मिनिटं. दोनदा सांगितलंत.”

“पण निदान लिफ्टवाल्याला तरी...”

“त्याला पहिल्याच मिनिटाला फोन केला. तो तुमच्या टेस्टमध्ये नव्हता.”

संभाजीराव पाणी पिऊन खुर्चीत बसले. मला वाटलं, आता शिव्या. पण ते हसायला लागले. “मी आतून ओरडलो, कोणी हाय का? या बाई म्हणाल्या, आहे. म्हटलं, लिफ्ट कधी चालू होणार? म्हणाल्या, वीज आल्यावर. म्हटलं, कोणाला बोलावलं का? म्हणाल्या, बोलावलं, वारज्याहून निघालाय. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला सरळ उत्तरं दिली.” मग ते माझ्याकडे वळले. “आमच्या काट्यावर हेच होतं. काटा विचारून बसतो, उत्तर हरवतं, ट्रॅक्टरची रांग पार रस्त्यापर्यंत. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये उत्तर आलं नाही तर काय होतं?”

“वाट बघतं,” मी म्हणालो.

“किती?”

हे मी तपासलंच नव्हतं. माझ्या टेस्टमध्ये उत्तर नेहमी यायचं, कारण दोन्ही तोंडं मीच होतो. “येईपर्यंत,” मी म्हणालो.

काम आम्हाला मिळालं, दोन अटींवर. किती वेळ वाट बघून सोडून द्यायचं ते आधी ठरवायचं, आणि तपासायला कांताबाई हव्यात. मॅडमनी त्यांना त्याच दिवशी कायम केलं. टेबल वर आलं, माझ्या समोर. मला मॅडम एवढंच म्हणाल्या, “तुझं बघू.”

ते ‘बघू’ एप्रिलमधलं. त्यानंतर मॅडमना परत विचारायची माझी छाती झाली नाही. वडील दर रविवारी फोनवर विचारायचे, “पत्र आलं का रे?” आणि मी म्हणायचो, “येतंय.” पाच महिने हे चाललं. शेवटी गणपतीच्या सुट्टीआधी मी हिय्या करून कांताबाईंना विचारलं, “माझ्या पत्राचं काय झालं, तुम्हाला काही माहीत आहे का?”

“आहे.”

“काय?”

“तयार आहे. सहीसकट.”

“कुठे आहे?”

“माझ्या खणात. तुम्ही विचाराल तेव्हा द्यायला सांगितलंय मॅडमनी.”

“कधीपासून?”

“एप्रिलपासून.”

त्यांनी खण उघडून पत्र माझ्या हातात दिलं. पुढचा प्रश्न अगदी ओठांवर आला होता, पण त्याचं उत्तर मला पाठ होतं, म्हणून तो मी विचारला नाही.