कांबळेकाकूंचं अंतराळयान

कांबळेकाकू मिक्सर लावतात तेव्हा आमच्या मजल्यावर सगळे आवाज बंद करतात. कारण यान उडत असतं.

चेंबूरला माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या या काकू शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. ‘सप्तयान’ नावाच्या अंतराळकथेचं त्यांना वेड. तिचे सिनेमे आले, वेबसिरीज आली, मोबाइलवर गेम आला. काकूंनी काही सोडलं नाही. सिरीजमध्ये कप्तान ताराला मारलं, तेव्हा त्या धड जेवल्याही नाहीत. मग म्हणाल्या, “कंपनीने त्यांचं केलं. आता आपण आपलं करू.”

तारा जिवंत असलेली कथा त्यांनी स्वतः लिहिली आणि तिच्या श्रुतिका करून चाहत्यांच्या ग्रुपवर टाकायला लागल्या. कलाकार मजल्यावरचे, कप्तान त्या स्वतः. इंजिनाच्या आवाजासाठी मिक्सर; रिकामा फिरवणं त्यांच्या जिवावर येतं, त्यामुळे दर उड्डाणाला चटणी होते. मी परग्रहावरचा सेनापती. “धमकी देतोयस की सोसायटीच्या मिटिंगला बोलावतोयस रे?” असं ऐकवून त्या माझ्याकडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा घेतात.

मालाडपासून नागपूरपर्यंतचे लोक ऐकायचे, चित्रं काढून पाठवायचे, संगीत जोडायचे. मग काकूंनी यानावर वीज पाडली. त्यात यानाच्या बोलक्या संगणकाची वाचा अडखळली. तो एकेक शब्द जुळवत बोलणार, असं त्यांनी जाहीर केलं. ग्रुपवर भांडण पेटलं. मूळ कथेत असं नाहीच, म्हणाले. एकाने तर संगणकासाठी ॲपचा गुळगुळीत आवाज देऊ केला. काकूंनी उत्तर लिहिलं, की माझ्या यानावर संगणकाचं बोलणं संपेपर्यंत सगळे थांबतात.

पुढच्या रविवारी रेकॉर्डिंगला त्यांनी आतल्या खोलीतून कांबळेकाकांना हाताला धरून आणलं, तेव्हा मला उलगडलं. चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात वर्षानुवर्षं माइक काकांच्याच हातात असायचा. अर्धांगाचा झटका आला, जीभ जड झाली, आणि काकांनी माणसांसमोर येणंच सोडलं होतं.

पंखा बंद केला. एरवी त्यांना ‘अहो’ म्हणणाऱ्या काकू कप्तानाच्या आवाजात म्हणाल्या, “अरे, दार उघड.”

काकांच्या कपाळावर घाम आला. ओठ हलले, थांबले.

“उघ... घड... तो.”

कोणी हललं नाही. काकूंनी रेकॉर्डिंग थांबवलं आणि झकास झालं म्हणाल्या. काकांनी मान हलवली. चांगला हात त्यांनी वर केला.

“नाही,” ते म्हणाले. “परत... घे.”

काकूंनी फोन डोळ्यांजवळ नेला. रेकॉर्डिंगचं लाल बटण त्यांना बराच वेळ सापडेना.