दुखवट्यांचं हसू

कागद खोटा असला की तो हातात घेण्याआधीच आपल्याला कळतं, असं दुखवटे छातीवर हात ठेवून सांगत. एकतीस वर्षं त्यांनी पडताळणी कचेरीत काढली होती. लोक पदव्यांच्या आणि दाखल्यांच्या नकला आणायचे, दुखवटे त्या मूळ कागदाशी ताडून बघायचे आणि पाठीमागे शिक्का मारून सही ठोकायचे. 'नक्कल मुळाशी जुळते.' शिक्का, सही, क्रमांक, तारीख. चार ठिकाणी नजर टाकली की काम फत्ते. "मला फसवणारा अजून जन्माला यायचाय," असं ते जेवणाच्या सुट्टीत म्हणत आणि ऐकणारा मुकाट्याने डबा आवरता घेई, कारण दुखवटे काहीही बोलले तरी कोणीतरी गेल्याची बातमी सांगताहेत असंच वाटे.

दुखवटे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे, ते कचेरीने बहाल केलेलं. तोंडाचे दोन्ही कोपरे खाली, गाल ओघळलेले, डोळे कायम भरून आल्यासारखे. माणूस आतून तसा ठीकठाक होता. पण बढतीचं पत्र घेताना साहेबांनी त्यांना आधी खुर्ची दिली होती आणि मग पाणी.

अशा चेहऱ्यावर आयुष्य निभावलं असतं. पण मुलीने स्वतःचं लग्न ठरवलं आणि मुलाचे आईवडील भेटायला आले. दुखवटे त्या दिवशी मनापासून खूश होते, दोन तास पाहुण्यांच्या पुढेपुढे करत होते. दुसऱ्या दिवशी मुलगी कामावरून आली ती खांद्यावरची पिशवी न काढताच त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, त्याच्या आईला वाटतंय तुम्हाला हे लग्न मान्य नाही."

"मला? अगं, मी तर सारखा हसत होतो."

"हसत होतात?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. "मला वाटलं दाढ दुखतेय."

"त्या म्हणाल्या, बापाची मनापासून संमती नसेल तर ती सोयरीक आम्हाला नको. महिन्याभराने परत येणार आहेत. तेव्हा काय ते ठरवतील." बोलता बोलता मुलगी रडायला लागली. दुखवटे धीर द्यायला पुढे झाले. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला जास्तच रडू आलं.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. एकुलती एक पोर, आणि तिच्या सुखाच्या आड यावं ते आपलं थोबाड! सकाळी उठून त्यांनी जाहीर केलं, की हल्ली इंजेक्शनं देऊन तोंडाचे कोपरे वर करतात, ती आपण घेणार.

"नीट शिकलेलं माणूस बघा म्हणजे झालं," बायको म्हणाली.

"हे तू मला सांगतेस?" दुखवटे म्हणाले.

आधी ते मोठ्या इस्पितळात त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी अर्धा तास प्रश्न विचारले. औषधं कोणती चालू आहेत, आधी कधी चेहऱ्याला काही केलंय का, आत्ताच का करायचंय. मग त्या म्हणाल्या, "खरं सांगू का? तुमची ठेवणच अशी आहे. फरक पडलाच तर उन्नीस-बीस पडेल. मी म्हणेन, करू नका."

दुखवट्यांचं लक्ष मात्र भिंतीवरच्या पदवीकडे होतं. पदवीवर एक आडनाव, दारावरच्या पाटीवर दुसरं. शिक्का फिकट. क्रमांकातला एक आकडा ओल लागून पुसलेला. नावात तफावत, असं मनाशी म्हणून ते उठले. कचेरीत असते तर अर्ज तिथल्या तिथे परत केला असता.

मग ते चपलांच्या दुकानावरच्या सौंदर्य केंद्रात गेले. जिन्यात नव्या रबराचा वास, वर गारेगार खोली, पांढऱ्या कोटातल्या बाई आणि भिंतीवर ओळीने अकरा चौकटी. "एक उतरवून बघू का?" दुखवट्यांनी विचारलं. "खुशाल बघा," बाई म्हणाल्या. शिक्का ठसठशीत, क्रमांक स्वच्छ. चौकट उलटी केली तर पाठीमागे 'नक्कल मुळाशी जुळते', आणि खाली नऊ वर्षांपूर्वीची त्यांची स्वतःची सही.

दुखवट्यांचा ऊर भरून आला. आता स्वतःच्या सहीवरही विश्वास ठेवायचा नाही, तर मग ठेवायचा कोणावर?

बाकावर एक शिक्षिका बसल्या होत्या. वर्षानुवर्षं पेपर तपासून दोन भुवयांमध्ये पडलेली आठी त्यांना घालवायची होती, पण धीर होत नव्हता. "कागद खरे आहेत का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"निर्धास्त राहा," दुखवटे म्हणाले. "सही माझी आहे."

शिक्षिकांनी लगेच पुढच्या मंगळवारची वेळ घेतली. दुखवटे त्याच दिवशी आत गेले. बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. "जरा जास्तच वर करा," दुखवटे म्हणाले. "करते की," बाई म्हणाल्या.

पाच दिवस काही झालं नाही. सहाव्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी ओठातून निसटून सदऱ्यावर आलं. त्यांनी आरशात पाहिलं. भुवया कपाळाच्या मध्यावर जाऊन बसल्या होत्या, आणि तोंडाचा डावा कोपरा कानाकडे निघाला होता. ते हसत होते. शेजारचा चिखलात घसरून पडल्यावर माणूस खिडकीआडून हसतो ना, तसे. त्यांनी बोटाने कोपरा खाली ओढला. बोट काढताच तो वर गेला.

"सकाळी सकाळी काय झालं एवढं हसायला?" बायकोने विचारलं.

"मी हसत नाहीये."

तिने जवळ येऊन निरखून पाहिलं आणि ती पलंगावर मटकन बसली. "अहो, तो चेहरा निदान ओळखीचा तरी होता," ती म्हणाली.

मुलगी धावत आली. "कोणाकडे गेला होतात? शिकलेली होती ना ती?"

दुखवट्यांनी मोबाइल पुढे केला. सवयीने त्यांनी चौकटीचा फोटो काढून ठेवला होता. "शिक्का बघ. क्रमांक बघ. अस्सल आहे."

मुलीने वाचायला सुरुवात केली. "'यांनी केशरचना व चेहऱ्याची निगा या विषयावरील दोन दिवसांच्या वर्गास उपस्थिती लावली.' बाबा, हा हजेरीचा दाखला आहे."

"असेल," दुखवटे म्हणाले. "मधलं आम्ही वाचत नाही."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं. कागद खरा होता, सही खरी होती, आणि बाईंनी आपण डॉक्टर असल्याचं एकदाही म्हटलं नव्हतं. एकतीस वर्षांत आपण काय काय जुळवून दिलं असेल, कोणाच्या घरी ते टांगलं असेल, या विचाराने ते खचून गेले. हसतच खचले, पण खचले.

मग त्यांना शिक्षिका आठवल्या. मंगळवारी ते जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. "बाई, वर जाऊ नका. ती डॉक्टर नाही. माझं वाटोळं केलंय तिने."

शिक्षिका बघतच राहिल्या. "अहो, किती प्रसन्न दिसताय! गेल्या आठवड्यात तुमच्याकडे पाहून मलाच रडू येत होतं."

"मी आत्ता रडतोय हो."

"भारी बुवा तुम्ही," म्हणत त्या वर गेल्या. मागून आलेल्या दोघी थबकल्या, हे कुठे करून घेतलंत असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता शिक्षिकांच्या पाठोपाठ जिना चढल्या. आपल्या तोंडाने आपण माणसांना खड्ड्यात ढकलतोय, हे दुखवट्यांना कळून चुकलं.

बोलण्यात अर्थ नव्हता. ते तडक दोन गल्ल्या पलीकडच्या आरोग्य कचेरीत गेले आणि त्यांनी तक्रार लिहिली. पहिलंच वाक्य लिहिलं: 'सदर नकलेवरील सही माझी असून ती मी न वाचता केली आहे.' अधिकाऱ्याने कागदावरून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "थट्टा करायला आलात का?"

"माझ्याकडे बघू नका. कागद वाचा. सगळा."

त्याने वाचला आणि तो उठून थेट केंद्रावर गेला. शिक्षिका अजून बाकावरच होत्या, म्हणून बचावल्या. केंद्राला टाळं लागलं, आणि आठवड्याभरात दुखवट्यांनाही स्वतःच्या कचेरीकडून चौकशीची नोटीस आली.

पाहुणे आले ते त्यानंतर चार दिवसांनी. लपवाछपवी करायची नाही असं दुखवट्यांनी ठरवलं होतं. पाहुणे टेकताच ते म्हणाले, "एक सांगायचंय. माझ्यावर चौकशी बसलीय, नोकरीचं खरं नाही. आणि मुलगी जाणार म्हणून माझ्या जिवाचं पाणी पाणी होतंय."

मुलाची आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "मागच्या वेळी आमचाच गैरसमज झाला हो. एवढे गमतीदार व्याही कुठे मिळणार?" मुलाच्या वडिलांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. सहा महिन्यांनंतरची तारीख पक्की झाली. दारात उभी असलेली मुलगी तेवढी हसत नव्हती. पाहुणे गेल्यावर ती येऊन बापाच्या शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या इस्पितळात गेले. या वेळी त्यांनी भिंतीवरची पदवी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली, आणि मगच बसले. डॉक्टरीणबाईंनी चेहरा दाबून पाहिला. "घाबरू नका. हे कायमचं नसतं. चार महिन्यांत उतरेल, चेहरा होता तसा होईल."

दुखवट्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि तो पुन्हा बाहेर आला.

"लग्न सहा महिन्यांनी आहे," ते म्हणाले. "तेव्हा असंच परत करून द्याल का?"

"असं?" बाईंनी हात धुता धुता वळून पाहिलं. "अहो, ही चूक आहे. मला ती ठरवून करता येणार नाही. तुम्हाला असंच हवं असेल तर त्यांच्याकडेच जावं लागेल."

"ते केंद्र बंद झालंय."

"बरं झालं. कोणी केलं?"

"मीच," दुखवटे म्हणाले.