पन्नासावा नमुना

काका धरमसिंग ओमला मुलगी दाखवायला महागावकडच्या तांड्यावर घेऊन आले, तेव्हा ओमच्या डोक्यात मुलगी नव्हतीच, पू होता. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तो अकरा महिन्यांच्या करारावर होता. वर कुठेतरी रोगजंतूंची बँक निघाली होती. रोग्यांच्या जखमांतले जंतू घ्यायचे, वाढवायचे, कोणत्या औषधाला दाद देत नाहीत ते तपासायचे आणि बँकेत जपून ठेवायला पाठवायचे. महिनाअखेर पन्नास नमुने हवे होते, जमले होते एकोणपन्नास. "पन्नासावा नाही तर तूही नाही," असं साहेबांनी अगदी प्रेमानं सांगितलं होतं. आणि तालुक्यात बिनऔषधाची जखम मिळेना! जो तो आधी मेडिकलमधल्या गोळ्या खाऊनच दवाखान्यात यायचा, मग त्याच्या पुवातले जंतू वाढायचेच नाहीत.

मुलीचे वडील भीमसिंग दारात उभे होते. ओसरीतही उभेच राहिले. यजमान उभा म्हटल्यावर पाहुण्यांनी टेकायचं कसं? सगळे पोह्यांच्या बशा हातात घेऊन एसटी चुकल्यासारखे उभे. राखी चहा घेऊन आली, ओमकडे नीट बघून चक्क हसली. ओमला ती फार आवडली.

"मामा, बसा ना," ओम म्हणाला.

"मी उभाच बरा."

"आठ दिस झाले, बसूनच नाही राह्यले," राखीची आई रुपीबाई आतून बोलली. "गळू झालं. कुठं ते इचारू नका."

ओमचा घास हातातच राहिला. "औषध घेतलं काय मामा?"

"एक गोळी नाही खाल्ली!" भीमसिंगांनी छाती काढली.

"वा! लय झकास काम केलं!"

काकांनी चिमटा काढला, पण ओम आता थांबतो कसला! त्यानं बँक सांगितली, करार सांगितला. "मले फक्त थेंबभर पू द्या."

"तू पोरगी पाहाले आला का पू पाहाले?" भीमसिंग कडाडले आणि रागाच्या भरात खाटेवर धपकन बसले.

पुढची किंकाळी शेजारच्या तांड्यानं ऐकली. गळू फुटलं होतं. ओमच्या बॅगेत नमुना घ्यायची निर्जंतुक काडी आणि नळी कायमच असायची. दोघं आतल्या खोलीत गेले, दार लागलं, धोतर सुटलं.

बाहेर आले ते भीमसिंग हसतमुख! आठ दिवसांनी ऐसपैस मांडी घालून त्यांनी दोन कप चहा प्यायला. ओमच्या बॅगेत पन्नासावा नमुना होता आणि दाराआडून राखी बघत होती. त्याला आभाळ ठेंगणं झालं.

"मंग भीमसिंगभाऊ, पक्कं समजाचं ना?" काकांनी विचारलं.

"पोरगा हिरा हाय. हात हलका, बोलनं गोड. नोकरीबी टिकली."

"मंग?"

भीमसिंगांनी कप खाली ठेवला. "मंग काय? दुसरी पोरगी पाहा त्याच्यासाठी. दर दिवाळीले हा माह्या पाया पडाले वाकंन, अन् मले वाटंन, अजून काही तपासूनच राह्यला!"