गुणवंतरावांचा क्लच

रामाजी पाटील मुलगी पाहायला येणार असा नागभीडहून निरोप आला आणि त्याच आठवड्यात गुणवंतरावांच्या मोटारीने चालणे सोडले. इंजिन सुरू होई, भरपूर आवाज करी, धूरही सोडी. पण गाडी जागची हलत नसे.

सावलीत तेव्हा मोटार अशी ती एकच होती. जंगलखात्यातला एक साहेब विलायतेला परतताना ही छोटी मॉरिस गुणवंतरावांना देऊन गेला होता. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली तरी मोटार होती, म्हणून गुणवंतराव येताना दिसले की लोक अजून उठून उभे राहत. काही जण नुसते रस्त्यातून बाजूला व्हायला उठत. पण तो फरक गुणवंतरावांनी कधी केला नाही. डावा पाय क्लचवरून म्हणून उचलायचा नाही, हा त्यांचा नेम होता. त्यामुळे मोटार ताब्यात राहते, असे ते सांगत.

लाकडाच्या ट्रकचा एक ड्रायव्हर चहाला थांबला होता. त्याने मोटारीत डोके घालून वास घेतला. "क्लचप्लेट जळून गेली जी," तो म्हणाला. "नवी टाका लागते."

नवी प्लेट नागपूरहून मागवली. चांद्याचा मिस्त्री मात्र एका मित्राच्या लग्नाला गेला होता, आणि तिकडून तो कधी येईल हे त्याच्या बायकोलाही सांगता येत नव्हते. तेव्हा नानाजी पुढे झाले. नानाजी म्हणजे गुणवंतरावांचे मेहुणे. त्यांनी एकदा धानाच्या गिरणीचा पट्टा बसवून दिला होता आणि तो अजून निसटला नव्हता. एवढ्या भांडवलावर घरात ते यंत्रातले जाणकार ठरले होते.

"भाऊजी, यात काई नाई," ते म्हणाले. "जे काढलं ते उलट्या क्रमानं लावाचं. झालं."

प्लेट आली ती पाहुणे यायच्या आदल्या दिवशी. नानाजींनी सकाळीच अंगणात मोटार उघडली. क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसतो. तो काढायचा तर गिअरबॉक्स मागे ओढावी लागते, आणि गिअरबॉक्स ओढायची तर आधी पुढच्या सीटा आणि पायाखालच्या फळ्या काढाव्या लागतात. हे एकेक काढत असताना एकेक कळत गेले. सीटा ओसरीवर आल्या. गुणवंतरावांच्या पत्नी भागीरथाबाई एकीवर बसून तांदूळ निवडू लागल्या आणि म्हणाल्या, "ह्या इथीच राहू द्या ना. कंबरेले बरं वाटते."

त्यांची मुलगी इंदू दाराशी उभी राहून पाहत होती. तिला पाहायला यापूर्वी दोघे जण येऊन गेले होते. रामाजी पाटलांची कीर्ती तर ब्रह्मपुरीपर्यंत पसरलेली होती. मुलाच्या शिक्षणात घातली त्याहून जास्त वर्षे त्यांनी मुली पाहण्यात घातली होती. ते मुलीला चालायला लावत, सुईत दोरा ओवायला लावत, कांदा चिरायला लावत, आणि पोहे संपले की "कळवतो" म्हणत. ते कळवणे आजवर कुणाच्या घरी पोचले नव्हते.

"बाबा," इंदू म्हणाली, "पाहुन्यांले खाचरानं आनलं तं काई बिघडते का?"

"रामाजी पाटलांले बैलगाडीत बसवाचं?" गुणवंतराव मोटारीखालून म्हणाले. "त्याईले निंदाले तेवढंच पुरते."

संध्याकाळपर्यंत जळकी प्लेट बाहेर आली आणि नवी आत गेली. गिअरबॉक्स जागेवर बसेना, तेव्हा दोघांनी तिला पाय लावून ढकलले. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटाही परत बसवल्या. एकही नट उरला नाही याचे नानाजींनाच जास्त आश्चर्य वाटले.

हँडल मारताच इंजिन सुरू झाले. गुणवंतरावांनी क्लच दाबला आणि गिअर टाकायला गेले. आतून असा करकराट झाला की गोठ्यातल्या म्हशीने दावे ताणले. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. गिअर काही पडेना.

"आधी गिअर टाकून ठेवा," नानाजी म्हणाले. "मंग मी हँडल मारतो. क्लच दाबून ठेवा, म्हंजे गाडी हलनार नाई."

गुणवंतरावांनी गिअर टाकून क्लच अगदी तळाशी दाबला. नानाजींनी हँडल मारले. इंजिन सुरू झाले आणि मोटार सरळ नानाजींच्या अंगावर निघाली. नानाजी उलट्या पावली धावले, मग वळून धावले. विहिरीला वळसा घालून ते धानाच्या तणसाच्या ढिगावर चढले. मोटार त्याच ढिगात तोंड खुपसून थांबली आणि बंद पडली.

ढिगावरून नानाजी म्हणाले, "चालली तं खरी."

"चालली," गुणवंतराव म्हणाले. "पन क्लच दाबून चालली. सोडाच नाई म्हंते."

उघडून पाहायला वेळ नव्हता. मूल गावच्या स्टेशनावर पाहुण्यांची आगगाडी यायची वेळ होत आली होती. गुणवंतरावांनी विचार केला. मोटार चालते, हे महत्त्वाचे. थांबवायची तर ब्रेक दाबून बटण बंद करता येते. राहता राहिले पुन्हा सुरू करणे. तर गिअर टाकून चार जणांनी ढकलले की झाले. आणि माणसांना काय तोटा आहे?

मूलपर्यंत माणसांना खरेच तोटा पडला नाही. पहिल्याच गिअरात, गिरणीसारखा आवाज करीत, मोटार स्टेशनावर पोचली. रामाजी पाटील उतरले. अंगात कोट, डोक्याला फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी, आणि पोट या सगळ्यांच्या पुढे. मागे त्यांची बायको गुणाबाई आणि मुलगा श्रावण. श्रावण नागभीडच्या शाळेत मास्तर होता. वडिलांसमोर तो शक्यतो बोलत नसे. स्टेशनावरच्या हमालांनी मोटार ढकलून दिली, आणि रामाजींना वाटले, मोटारवाल्यांचा हा निरोप द्यायचा रिवाज असावा.

"मोठी इज्जत हाये तुमची इथी," ते म्हणाले.

"लोकायचं प्रेम हाये जी," गुणवंतराव म्हणाले.

अर्ध्या वाटेवर, सागाच्या बनातून रस्ता जातो तिथे, गाईंचा कळप आडवा आला. हॉर्न वाजवला, आरडाओरडा केला. गाई हलल्या नाहीत. ब्रेक दाबावा लागला. मोटारीने एक हिसका दिला आणि ती बंद पडली.

कळप निघून गेला. त्याच्यामागून गुराखीही गेला. रस्त्यावर कुणी उरले नाही.

"थोडंसं ढकला लागते," गुणवंतराव खालच्या आवाजात म्हणाले.

रामाजी पाटलांनी आयुष्यात पुष्कळ मुली नाकारल्या होत्या, पण त्यासाठी मोटार ढकलायची वेळ कुणी आणली नव्हती. तरी ते उतरले. बापलेकांनी मागून जोर लावला. मोटार जरा हलली, खोकली, आणि सुरू झाली. श्रावण चपळ होता. दोन ढांगा टाकून तो फूटबोर्डावर चढला. रामाजी धावतच राहिले.

"थांबवा की जी," ते खिडकीजवळ येऊन म्हणाले.

"थांबवता येत नाई."

"काऊन?"

"थांबली तं पुन्हा ढकला लागते. तुमी चढा ना असेच. हळूच चालून राह्यली."

मोटार हळूच चालत होती, पण रामाजींच्या मानाने ती तरतरीत होती. काठी, फेटा आणि कोट सांभाळत ते काही वेळ तिच्या बरोबरीने धावले. "हे काई बरोबर नाई," असे काहीतरी ते म्हणत होते. पुढे उतार लागला. मोटारीला चेव आला, आणि रामाजी पाटील मागे पडले.

गुणाबाईंनी वळून पाहिले. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याच्या मागे चालत आल्या होत्या. तो मागे कसा दिसतो हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिले. बराच वेळ त्या पाहत राहिल्या.

"येतीन मागून," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा करून नीट बसल्या.

घरी पोचल्यावर गुणवंतरावांनी बटण बंद केले आणि पहिले नानाजींना खाचर घेऊन पिटाळले. मग हात जोडून ते गुणाबाईंसमोर उभे राहिले. सोयरीक गेली, हे त्यांना दिसतच होते. भागीरथाबाईंनी पोहे आणले. इंदू पाणी घेऊन आली आणि सुईदोऱ्याची वाट पाहत उभी राहिली.

"बस ना वो पोरी," गुणाबाई म्हणाल्या. "काऊन उभी राहतेस? ही मोटार कोनी बिघडवली?"

गुणवंतराव खोकले. मोटार रस्त्यातच अचानक नादुरुस्त झाली, असे सांगायचे त्यांनी येताना ठरवले होते.

"बाबानं न मामानं मिळून," इंदू म्हणाली. "काल दिवसभर बिघडवत होते. मी खाचर पाठवा म्हटलं तं आयकलं नाई."

श्रावण एकदम हसला. आपण वडिलांसमोर नाही, हे त्याच्या ध्यानात आले असावे. कारण मग तो बोलूही लागला. किती शिकली, काय वाचते, हे त्याने विचारले. इंदूने सांगितले. तिने शाळेतल्या पोरांविषयी विचारले, तेव्हा त्याने इतके सांगितले की गुणाबाई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. घरात एवढा बोलणारा माणूस होता हे त्यांना ठाऊक नव्हते.

"तुले पसंत हाये का रे?" त्यांनी विचारले.

"हो माय."

"अना तुले, पोरी?"

हे इंदूला कुणी विचारेल असे तिला वाटले नव्हते. तिने एकदा आईकडे पाहिले आणि मान डोलावली.

"पन पाटील येऊ द्या ना," गुणवंतराव चाचरत म्हणाले.

"ते आले का कांदा चिराले लावतीन," गुणाबाई म्हणाल्या. "भागीरथाबाई, कुंकू आना. अना साखर."

खाचरातून रामाजी उतरले तेव्हा फेट्याचा शेमला गळ्यात आला होता आणि कोटाला तणीस चिकटले होते. मोटारवाल्याला काय काय सुनवायचे ते त्यांनी वाटेत जुळवून ठेवले होते. उंबऱ्यावर पाय ठेवून त्यांनी तोंड उघडले, आणि गुणाबाईंनी त्यात चिमूटभर साखर घातली.

रामाजींनी ती सवयीने गिळली. "कायची साखर?" त्यांनी विचारले.

"तुमच्या पोराच्या सोयरिकीची," गुणाबाई म्हणाल्या. "पोरगी चांगली हाये. पाय धुवा, पोहे थंडे होऊन राह्यले."

ओसरीवर शेजारपाजारचे चार जण साखर खात बसले होते. गिळलेली साखर त्यांच्या देखत परत काढता येत नव्हती. रामाजींनी पाय धुतले.

लग्न वैशाखात धरले. पाहुण्यांना खाचराने स्टेशनावर पोचवून नानाजी परतले आणि तडक मोटारीत शिरले. बराच वेळ जुनी प्लेट ते हातात फिरवून पाहत होते. मग ओसरीवर आले.

"भाऊजी, चूक सापडली," ते म्हणाले. "प्लेट उलटी बसली. फुगीर बाजू इंजिनाकडं गेली, म्हून क्लच सोडत नव्हता. उद्याच उघडतो. दिवसभराचं काम हाये."

गुणवंतरावांनी अडकित्त्यात सुपारी धरली होती, ती तशीच राहिली. वैशाखात रामाजी पाटील वऱ्हाड घेऊन पुन्हा मूलच्या स्टेशनावर उतरणार होते. मानपान, रुसवेफुगवे, काय काय मागण्या निघतील याचा अंदाज नव्हता. मधला रस्ता तोच होता, आणि बनातल्या गाईही त्याच.

"राहू दे," ते म्हणाले. "लग्न होयेपर्यंत हात लावू नको."